आधी नमुना, मग गोळी
राळेगणसिद्धीत पाणी पाहून पीक ठरते. औषधाचेही तसेच आहे. लघवीला जळजळ झाली की घरातली बाई लाजेने बोलत नाही, मागची उरलेली गोळी घेते. जंतू त्या औषधाला दाद देतीलच असे नाही. लघवीच्या कल्चरने योग्य औषध कळते. पण दोन-तीन दिवस जातात, तोवर उपचार अंदाजाने. ४५ मिनिटांत उत्तर देणाऱ्या स्वीडनच्या चाचणीला २०२४ साली लाँगिट्यूड पारितोषिक मिळाले. पुण्याची मॉड्यूल इनोव्हेशन्सही अंतिम फेरीत होती. अशी चाचणी गावात येईल तेव्हा येवो; तोवर पहिल्या गोळीआधी, सुरुवातीची धार सोडून, मधल्या धारेचा नमुना स्वच्छ डबीत द्यावा. थंडीताप, कुशीत दुखणे किंवा गरोदरपण असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.