विश्लेषण : बंद पडलेल्या मैलापाणी केंद्राची बाग कशी होते? आणि कधी होत नाही?

जर्मनीतल्या बोट्रॉप शहरातल्या एका बागेचे फोटो अधूनमधून सोशल मीडियावर फिरत असतात. हिरवळीवर गटाराचे भलेमोठे सिमेंटचे पाइप आडवे ठेवलेत, त्यांना दरवाजे लावलेत आणि आत चक्क पलंग आहे. शेजारी एक प्रचंड गोल हौद, आणि त्यात पाण्याऐवजी गवतं आणि फुलझाडं. खाली कमेंट ठरलेली असते : 'आपल्याकडे असं कधी होणार?'

फोटो खरे आहेत. या जागेचं नाव बर्नेपार्क. १९९७ पर्यंत इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालायचं. २०१० मध्ये रूर भागाला 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' हा मान मिळाला, त्या वर्षी ही जागा बाग म्हणून लोकांसाठी खुली झाली. एका हौदात पाणी ठेवलं, दुसऱ्यात डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांच्या आराखड्यानुसार हजारो झाडं लावली. जुन्या यंत्रघरात उपाहारगृह आलं. पाइपमधल्या खोल्यांचं भाडं 'जमेल तेवढं द्या' अशा बोलीवर ठेवलं होतं.

पण फोटोत दिसत नाही ती गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही बाग झाली, कारण त्याआधी एक अख्खी नदी साफ करायला घेतली होती.

नदी नव्हे, उघडं गटार

एम्शर ही ८३ किलोमीटरची नदी कोळसा खाणींच्या पट्ट्यातून वाहत जाऊन ऱ्हाइनला मिळते. खाणींमुळे जमीन खचायची. जमिनीखाली गटारं टाकली तर ती फुटायची. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नदीलाच सरळ करून, सिमेंटच्या पात्रात बांधून उघडं गटार बनवलं गेलं. तिच्या उपनद्यांचीही तीच गत झाली. बर्ने ही त्यातलीच एक.

खाणी बंद होत गेल्या, जमीन स्थिरावली आणि १९९२ मध्ये नदी पूर्ववत करण्याचं काम सुरू झालं. नदीच्या कडेने जमिनीखालून सुमारे ५१ किलोमीटरचा मुख्य मलवाहिनी बोगदा खोदला. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी सोडणं पूर्ण थांबलं. जवळपास तीस वर्षं लागली आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च झाले. मोठ्या, आधुनिक केंद्रांनी भार उचलल्यावर बर्नेच्या मुखाजवळचं छोटं केंद्र नकोसं झालं आणि मग त्याची बाग झाली.

म्हणजे क्रम असा होता : आधी पाण्याची सोय, मग फुलझाडं. 'आपल्याकडे असं कधी होणार' या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच क्रमात आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर फसलेली गोष्ट पाहायला हवी. तीही जर्मनीतच आहे.

बर्लिनमध्ये लावलेली झाडं का मेली?

१८७० च्या दशकात बर्लिन झपाट्याने वाढत होतं आणि घरांतलं मैलापाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहत होतं. अभियंता जेम्स होब्रेख्ट यांनी तोडगा काढला. शहराचे बारा भाग करायचे, प्रत्येक भागातलं मैलापाणी एका उदंचन केंद्रात गोळा करायचं आणि पंपाने शहराबाहेरच्या रेताड जमिनीवर नेऊन सोडायचं. बांध घातलेले वाफे, त्यात मैलापाणी. पाणी रेतीतून झिरपताना गाळलं जायचं आणि उरलेल्या खतावर भाजीपाला, चारा पिकायचा. जर्मनीत या शेतांना 'रिझेलफेल्ड' म्हणतात. आपल्याकडेही अनेक शहरांबाहेर मैलापाण्यावर शेती होत आलीच आहे, त्यामुळे कल्पना अनोळखी वाटणार नाही.

ही व्यवस्था शंभर वर्षं चालली. शहराला शिस्तीत मैला बाहेर न्यायचा मार्ग मिळाला, शेतकऱ्याला फुकट खत. अडचण एकच होती. शहराच्या सांडपाण्यात माणसांच्या मैल्यासोबत कारखान्यांचं पाणीही येतं. त्यातलं कॅडमियम, तांबं, जस्त कुजत नाही, उडून जात नाही. ते मातीच्या वरच्या थरात साठत राहतं.

१९८० च्या दशकाच्या मध्याला शहराच्या उत्तरेकडच्या बुख भागातली शेतं बंद झाली. जागा मोकळी मिळाली, मग सर्वांना सुचतं तेच प्रशासनाला सुचलं : बांध सपाट करा आणि झाडं लावा. पूर्व जर्मनीच्या सरकारने मोठ्या प्रमाणावर लागवड केली. त्यातली बरीच झाडं मेली.

कारणं दोन आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली. पहिलं म्हणजे पाणी. शंभर वर्षं रोज मिळणारं पाणी एकदम थांबलं. भूजल खाली गेलं आणि मूळची रेताड जमीन उघडी पडली. दुसरं कारण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. ओल्या, सेंद्रिय गाळात जड धातू बऱ्यापैकी बांधलेले असतात. जमीन कोरडी पडली की त्या गाळाला हवा लागते, तो विघटित होतो, माती आम्लधर्मी होत जाते आणि इतकी वर्षं अडकून पडलेले धातू सुटे होऊ लागतात. ते मुळांतून झाडात शिरतात किंवा खाली भूजलाकडे सरकतात. थोडक्यात, पाणी तोडल्याने जागा निर्मळ होत नाही. उलट आजवर झोपलेलं विष जागं होतं.

नंतर बर्लिनने चूक सुधारली. चुनायुक्त चिकणमाती आणून वरच्या थरात मिसळली, म्हणजे धातू पुन्हा बांधले जातील. जवळच्या प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी पुन्हा या जागेकडे वळवलं. पुढे दाट जंगलाचा हट्ट सोडून तिथे रानटी वळणाचे घोडे आणि झुपकेदार केसांची स्कॉटिश गुरं चरायला सोडली. त्यामुळे मोकळी कुरणं आणि विरळ झाडी असं मिश्रण तयार झालं. आज लोक तिथे फिरायला जातात आणि त्या रानाला होब्रेख्टचंच नाव आहे. पण यात काही दशकं गेली. आपल्याकडच्या 'एका दिवसात इतके लाख रोपं' छाप मोहिमांच्या आयोजकांना ही जागा एकदा दाखवायला हवी.

म्युन्स्टरने पाणी तोडलंच नाही

उत्तर ऱ्हाइन-वेस्टफालिया हे बर्नेपार्कचं राज्य. त्याच राज्यातल्या म्युन्स्टर शहरातही १९०१ पासून अशीच मैलापाण्याची शेतं होती. शहर वाढलं तसं पाणी इतकं वाढलं की वाफे कोरडे होईनात. वर्षभर उथळ, चिखलट तळी साचून राहिली. त्या चिखलात असंख्य अळ्या आणि किडे, आणि ते टिपायला पक्षी. उत्तर युरोपातून आफ्रिकेकडे ये-जा करणाऱ्या तुतवार, पाणलावा यांसारख्या चिखलपक्ष्यांना वाटेत पोट भरायला हवं असतं. त्यांच्या नैसर्गिक दलदली माणसाने शेतीसाठी केव्हाच सुकवल्या होत्या. उरली ती माणसाच्या मैल्याची दलदल.

१९७५ मध्ये नवं प्रक्रिया केंद्र सुरू झालं आणि शेतांची गरज संपली. शहराजवळची मोकळी, सपाट जमीन म्हटल्यावर तिथे उद्योग आणण्याचा विचार होताच. पण स्थानिक पक्षीनिरीक्षक आणि नागरिकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच ही तळी वाचवण्याची मागणी लावून धरली होती. राज्य सरकारने जागेचा मोठा भाग भाडेपट्ट्याने घेतला. १९८३ मध्ये त्यातलं २३३ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेलं, म्हणजे ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठरलं. आज तिथे पायवाटा आहेत, निरीक्षण मनोरा आहे, शाळेच्या सहली येतात.

इथलं मर्म नळाच्या तोटीत आहे. मैलापाणी बंद झाल्यावर तळी आपोआप आटली असती. म्हणून नव्या केंद्रातून बाहेर पडणारं शुद्ध पाणी या तळ्यांत आणलं जातं. कोणत्या तळ्यात किती पाणी ठेवायचं, कोणतं तळं चिखल उघडा पडेल इतकं उतरवायचं, कुठलं गवत कापायचं, हे माणसं ठरवतात. तसं केलं नाही तर काही वर्षांत सगळीकडे बोरू आणि झुडपं माजतील आणि चिखलपक्षी निघून जातील. 'निसर्गाच्या भरवशावर सोडून दिलं' असं म्हणायची सोय या नैसर्गिक वाटणाऱ्या जागेत अजिबात नाही.

आणि एक किंमतही आहेच. शुद्ध पाण्यात अन्नद्रव्यं कमी असतात, त्यामुळे अळ्या कमी आणि पक्ष्यांचं खाद्यही कमी. घाण पाणी पक्ष्यांना मानवत होतं हे कबूल करायला अवघड, पण खरं आहे. म्हणून कुणी घाण पाणी सोडत राहा असं म्हणत नाही. फक्त पाणी स्वच्छ करताना पक्ष्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागते.

मुंबईचा याच्याशी काय संबंध?

संबंध अगदी थेट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रक्रियेची उभारलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटरची आहे. ही दरी भरून काढण्याच्या कामांत सर्वांत मोठं काम मुंबईचं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. त्यांची एकत्रित क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर असेल.

यातल्या घाटकोपर आणि भांडुपला आजवर काम चालत आलं ते तळ्यांवर. मोठ्या उथळ तळ्यांत मैलापाणी साठवायचं, यंत्रांनी त्यात हवा घुसळायची आणि मग ते ठाणे खाडीत सोडायचं. तीच खाडी, जिथे थंडीत फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. एवढे फ्लेमिंगो इथेच का जमतात? शहराच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर खाडीत शेवाळ पोसलं जातं आणि ते शेवाळ हे फ्लेमिंगोचं मुख्य अन्न, असं पक्षीअभ्यासक सांगत आले आहेत. भांडुपचं उदंचन केंद्र तर पक्षीनिरीक्षकांचा जुना अड्डा आहे. पाहुण्याला पक्षी दाखवायला मैल्याच्या केंद्राकडे नेणारं शहर म्हणून मुंबईची वेगळी नोंद व्हायला हरकत नाही.

नवी केंद्रं हवीतच. प्रक्रिया न केलेलं पाणी खाडीत सोडणं कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, फ्लेमिंगोच्या कारणानेही नाही. कोळ्यांच्या जाळ्यात काय येतं, हा प्रश्न पक्ष्यांइतकाच मोठा आहे. पण जुनी तळी आणि जुना गाळ यांचं काय करायचं, हे ठरवायची वेळ केंद्र सुरू झाल्यानंतरची नसते, आताची असते.

जागेचा लोभ

मुंबईत एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे, जरी ते सांडपाण्याचं नाही. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी एकेकाळी कचराभूमी होती. तिथे माती पसरून झाडं लावली आणि १९९४ मध्ये 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' उभं राहिलं. सुमारे ३७ एकर जागा. काम चांगलं झालं, झाडं तगली. तरीही धारावी पुनर्विकासाच्या क्षेत्रात या उद्यानाचा समावेश असल्यावरून वाद झाला आणि पर्यावरण कार्यकर्त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. कचऱ्याच्या ढिगाची जमीन कुणाला नको असते. ती एकदा हिरवी झाली की तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं.

सांडपाण्याच्या जागांना कायद्याचं कवच आहे का? २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचनासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. सांडपाण्याच्या तळ्यांचा त्या यादीत उल्लेख नाही. पण वगळलं नाही म्हणजे संरक्षण मिळालं असंही नाही. हे नियम रामसर स्थळांना आणि अधिसूचना काढून जाहीर केलेल्या पाणथळांना लागू होतात. खाडी रामसर यादीत आहे. तिच्या काठावरचं मैल्याचं तळं ती अधिसूचना निघेपर्यंत फक्त 'मोकळी जमीन' असतं.

त्यातही बागेची मागणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचारायला हव्यात. पहिली, गाळाची तपासणी झाली का? त्यात कोणते धातू किती आहेत आणि मुलं जिथे मातीत खेळणार तिथे वर स्वच्छ मातीचा थर किती जाडीचा असेल? दुसरी, नव्या केंद्रातून निघणाऱ्या पाण्यातला वाटा त्या जागेला मिळणार का? शुद्ध केलेल्या पाण्याला आता गिऱ्हाईकं आहेत. कारखान्यांना ते हवंय, बांधकामांना हवंय, महापालिकेलाही पिण्याखेरीज इतर वापरासाठी ते पुन्हा वापरायचंय. त्या रांगेत तळ्याचं नाव आज कुणी लिहिलेलं नसेल, तर केंद्र सुरू झाल्यावर ते शेवटीसुद्धा लागणार नाही.