संकटाच्या शाळेतला राज्यकर्ता

अडचणीत सापडलेल्या घरातील स्त्रीच्या अंगावरचे सोने सावकाराच्या पेढीवर जावे, तशी वेळ १९९१ साली भारतमातेवर आली. मे महिन्यात २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर स्वित्झर्लंडमधील बँकेस विकण्यात आले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण म्हणून गेले. वर्षानुवर्षांची वित्तीय तूट, उधळपट्टी आणि कर्जे यांचे हे फळ होते. १९९० च्या आखाती संघर्षाने महागलेल्या तेलाचे केवळ निमित्त झाले.

अशा वेळी, २१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. त्यांनी त्या वर्षीची लोकसभा निवडणूकही लढविलेली नव्हती. रामटेकचे हे माजी खासदार बहुभाषाकोविद होते. हरि नारायण आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. परंतु अर्थखाते त्यांनी केंद्रात कधीच सांभाळले नव्हते. शपथविधीपूर्वीच मंत्रिमंडळ सचिव नरेश चंद्र यांनी त्यांच्यासमोर वस्तुस्थिती मांडली. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन शिल्लक होते.

या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी सवड नव्हती. आपल्याला काय येत नाही, हे ओळखून त्यांनी डॉ. मनमोहन सिंग यांना अर्थमंत्री केले आणि उद्योगखाते स्वतःकडे ठेवले. १ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले. टीकेच्या भयाने राव क्षणभर डगमगले आणि ३ जुलैचा दुसरा टप्पा थांबविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तोवर तो अमलात आलेला होता. त्यानंतर मात्र त्यांनी माघार घेतली नाही. २४ जुलैच्या नव्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवाना पद्धती संपुष्टात आणली. त्याच दिवशी अर्थसंकल्प सादर झाला. लोकसभेत स्वतःचे बहुमत नसताना, अवघ्या पाच आठवड्यांत हे घडले. तारण ठेवलेले सोने त्याच वर्षी सोडविण्यात आले.

आमचे रावांशी मतभेद होते आणि ते किरकोळ नव्हते. नाणेनिधीच्या अटींपुढे मान तुकवू नये, हा आग्रह धरूनच नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. डिसेंबर १९९२ मध्ये याच राव सरकारने संघावर बंदी घातली. परंतु विरोधकाच्या कर्तृत्वाला न्याय देणे हाही आपल्या संस्कारांचा भाग आहे. ज्या पक्षासाठी राव झिजले, त्याच्या दिल्लीतील मुख्यालयात डिसेंबर २००४ मध्ये त्यांच्या पार्थिवाला प्रवेश मिळाला नाही. २०२४ साली त्यांना 'भारतरत्न' जाहीर केला तो भाजपप्रणीत सरकारने, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

राज्यकर्ता सर्वज्ञ असावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कटू सत्य ऐकण्याची तयारी, जाणत्यांची पारख आणि निर्णयाचे अपश्रेय स्वतः पत्करण्याचे धैर्य त्याच्यापाशी हवे. मात्र सोने गहाण पडल्यावरच शहाणपण यावे, हे राष्ट्राला परवडणारे नाही. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. तो दिवस अभिमानाचा होता. पण १९९१ चे स्मरण जागे राहिले, तरच तो अभिमान टिकेल. काटकसर, उत्पादन आणि स्वावलंबन यांचा धडा सुबत्तेच्या काळातच गिरवावा लागतो.