अकरावीची विषयनिवड आणि भाषेचे स्थान

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘सगळे मार्ग मोकळे ठेवावेत.’ त्याचा अर्थही बहुधा ठरलेला असतो. विज्ञान शाखा घ्यावी, तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र असे चारही विषय घ्यावेत, म्हणजे अभियांत्रिकी आणि वैद्यक यांपैकी काहीच हुकणार नाही. ‘सगळे’ या शब्दाची व्याप्ती येथे दोन अभ्यासक्रमांपुरती आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सल्ला अगदीच निराधार आहे असे नाही. बारावीला गणित नसेल तर दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमाचाही मार्ग खुंटतो. जीवशास्त्राच्या बाबतीत मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये सवलत दिली; बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते उत्तीर्ण होणाऱ्यासही नीट परीक्षेस बसता येते. तेव्हा जीवशास्त्रासाठी जीव टाकण्यापेक्षा गणित सांभाळणे अधिक शहाणपणाचे. कला शाखेतही गणित घेता येते. पण किती महाविद्यालयांचे वेळापत्रक तशी सोय करते?

खरा पेच द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात आहे. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स असा २०० गुणांचा विषय घेणाऱ्यास त्याच्या मोबदल्यात दोन विषय सोडावे लागतात : एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, आणि दुसरी द्वितीय भाषा. जीवशास्त्र सोडताना घरात खल होतो. मराठी सोडताना होत नाही. किंबहुना काही सोडले आहे, अशी जाणीवही नसते. २०२० च्या कायद्याने शाळांतून मराठी सक्तीची केली ती दहावीपर्यंत, आणि २०२४ मध्ये लाभलेल्या अभिजात दर्जाने अकरावीच्या अर्जातील रकाने काही बदललेले नाहीत.

या उदासीनतेचे एक कारण प्रवेशाच्या नियमांतच आहे. पदवीला मराठी किंवा तौलनिक साहित्य घेऊ इच्छिणाऱ्यास बारावीची भाषा सहसा विचारली जात नाही. गणिताचे दार कुलूपबंद होते म्हणून त्याची किल्ली जपली जाते. साहित्याचे दार उघडेच असल्याने तेथवर जाण्याची वाट मोडली तरी चालते, असा समज होतो. वस्तुतः ‘युवकभारती’ची ही दोन वर्षेच पाठ्यपुस्तकी भाषेकडून साहित्याकडे वळण्याची असतात. ती गाळून पदवीवर्गात आलेल्या विद्यार्थ्याला संतकाव्याची भाषा प्रथमपासून शिकवावी लागते.

जयंत नारळीकरांचे उदाहरण येथे हटकून दिले जाईल. गणिताचा हा विद्यार्थी बनारसमध्ये वाढला, तेथे हिंदी माध्यमातून शिकला, आणि तरीही २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच्या मराठी आत्मचरित्राला मिळाला. परंतु ती मराठी घराने राखली होती. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्यांच्यासाठी वर्गातील तासिका हाच आधार असतो. हा भेद विसरून काढलेला निष्कर्ष अन्यायाचा ठरेल.

केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत २०२२ पासून मराठीसह तेरा भाषांचा पर्याय आहे आणि २०२० चे शैक्षणिक धोरण शाखांमधील भिंती पाडण्याची भाषा करते. तोवर द्विलक्ष्यी विषय घेणाऱ्यासही द्वितीय भाषेचे तास ऐच्छिक म्हणून खुले ठेवणे महाविद्यालयांना अशक्य नाही. निदान प्रवेशाचा अर्ज भरताना, सुटणाऱ्या दोन्ही विषयांची नावे विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना स्पष्टपणे वाचून दाखवावीत.