सकळ लिपी आणि दोन बाक्या

महानुभाव पंथात चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सकळ लिपी ही सांकेतिक लिपी रचली. तीत प्रत्येक अक्षराच्या जागी एक ठरलेले चिन्ह येते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उकलली, तेव्हा तिच्यात लिहिलेल्या साऱ्याच पोथ्या एकदम वाचता येऊ लागल्या, कारण तेथे रीत हेच गुपित होते.

आधुनिक गूढलेखनशास्त्रात रीत जाहीर असते आणि केवळ चावी गुप्त राहते. त्याचा एक मूलभूत घटक म्हणजे छद्म-यादृच्छिक फलन: चावी जवळ असणाऱ्याला ते एका प्रश्नाला नेहमी एकच उत्तर देते, परंतु चावी नसणाऱ्याला ती उत्तरे नाणे उडवून काढलेल्या उत्तरांहून वेगळी ओळखता येत नाहीत. गोल्डरायख, गोल्डवासर आणि मिकाली यांनी 1984 मध्ये त्याची सिद्धतेसह रचना दिली. मात्र तीत प्रश्नाच्या प्रत्येक बिटासाठी एक पायरी उतरावी लागते, म्हणजे 128 बिटांना एकामागून एक 128 पायऱ्या.

बोने, इशाई, पासेलेग, सहाय आणि वू यांनी 2018 मध्ये सुचवलेले फलन याहून विलक्षण साधे आहे. चावी म्हणजे 0 आणि 1 यांचा मॅट्रिक्स; त्याने प्रश्नाला गुणून प्रत्येक बेरजेची 2 ने भागल्यावरची बाकी घ्यायची, आणि आलेल्या 0-1 अंकांच्या बेरजेची 3 ने भागल्यावरची बाकी हेच उत्तर. केवळ 2 च्या बाकीवर थांबले असते, तर पुरेशी प्रश्नोत्तरे जमवून दहावीच्या एकसामयिक समीकरणांप्रमाणे चावी सोडवता आली असती. परंतु 2 च्या अंकगणितात सरळ असणारी क्रिया 3 च्या अंकगणितात अत्यंत गुंतागुंतीची होते आणि उलटही तसेच घडते, त्यामुळे दोन सोप्या पायऱ्यांच्या सांध्यात काठिण्य निर्माण होते. अनेक पक्षांनी आपापली माहिती झाकून एकत्र गणित करताना हे लाघव फार मोलाचे ठरते. येथे प्रश्न मात्र यादृच्छिकपणेच निवडलेले असावे लागतात, म्हणून या फलनास दुर्बल म्हणतात.

या साध्या फलनाला 1984 च्या रचनेसारखी सिद्धता नाही, आणि म्हणूनच ते घाईने व्यवहारात आणणे अयोग्य होय. 2021 मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी त्याच्या काही उपप्रकारांतील उणिवा दाखवल्या आणि त्याच लेखात दुरुस्त्याही सुचवल्या. उकललेल्या सकळ लिपीला अशी दुरुस्ती शक्यच नव्हती.