‘उंदीर तो उंदीरच’ म्हणणाऱ्यांसाठी

‘शेपूट तोकडं केलेला उंदीरच की हा, आणि त्याला एवढे पैसे?’ हडपसरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात हॅमस्टरच्या पिंजऱ्यापुढे असं कुणी ना कुणी म्हणतंच. शिकलेल्यांचा आक्षेप याहून टोकदार असतो. कुळं-उपकुळं पाडणं हा पंडितांचा रिकामा उद्योग, तेही दर पिढीला मत बदलतात, आणि आपल्याला त्याचं काय देणंघेणं? यातला एकही आक्षेप टिकत नाही.

उसाच्या बांधात बीळ करणारा उंदीर, गटारातली घूस आणि घरातली पिटुकली उंदरं म्युरिडी कुळातली. (चिचुंद्री तर कृंतकसुद्धा नाही.) हॅमस्टर, व्होल, लेमिंग आणि अमेरिका खंडांतले बहुतेक देशी उंदीर क्रायसिटिडी कुळातले. या कुळात सातशेच्या वर जाती आहेत. भारतात त्यांचे रानटी प्रतिनिधी हिमालयाच्या पट्ट्यात सापडतात, महाराष्ट्रात नाहीत. फरक शेपटीत शोधू नका, तोंड उघडून बघा. घुशीच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात, हॅमस्टरच्या दाढेवर दोनच.

आता मत बदलण्याचं. १९४५ साली सिम्पसन या शास्त्रज्ञाने जर्बिल नावाच्या उंदरांना क्रायसिटिडीत बसवलं होतं. आपल्या माळरानावरचा जर्बिलही त्यामुळे हॅमस्टरचा भाऊबंद ठरला. पुढे जनुकं तपासली गेली. २००४ साली स्टेपन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणात जर्बिल म्युरिडीत आले. ‘बघा, बदललंच ना!’ बदललं, कारण आधीचा निकष कच्चा होता. दोन रांगांची दाढ हा जुना वारसा आहे, तिसरी रांग नंतरची. शिवालिकच्या थरांत सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या अँटेमस नावाच्या उंदराच्या दाढांवर ती आकार घेताना दिसते. पणजोबांची पितळी हंडी दोन घरांत शिल्लक राहिली म्हणून ती घरं सख्ख्या भावांची ठरत नाहीत. पुरावा आला की निकाल फिरवणं ही शास्त्राची लाज नव्हे. न फिरवणाऱ्याला आम्ही पोथीनिष्ठ म्हणतो.

राहिलं देणंघेणं. हडपसरकराने तरी हे विचारू नये. १९६६ साली इथे सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्यांच्या पैदाशीच्या धंद्याशी तिची मुळं जोडलेली आहेत; प्रतिविषांसाठी लागणारा रक्तद्रव घोड्यांपासूनच मिळे. त्याच संस्थेचं रेबिशील्ड हे रेबीजविरोधी प्रतिपिंड मात्र घोड्यापासून येत नाही. ते चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत तयार होतं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या खोल चाव्यावर लशीच्या जोडीने ते जखमेत देतात. या पेशींचा वंश थिओडोर पक यांनी १९५७ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत वाढवला. चिनी हॅमस्टरमध्ये गुणसूत्रं अवघी २२ आणि ठसठशीत, म्हणून संशोधकांना तो आधीपासूनच आवडता होता.

पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिनची चाचणी सोनेरी हॅमस्टरवर केली. साध्या प्रयोगशाळेतल्या उंदराला कोविडचा मूळ विषाणू जवळपास लागतच नव्हता, हॅमस्टरला लागत होता. एवढ्यावरून नुसतं कुळ पाहून रोगाचं भाकीत करता येतं, असं मी म्हणणार नाही. माणूस या दोघांपासून सारखाच लांबचा, तरी त्याला विषाणू लागलाच. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून हाताला येईल तो उंदीर उचलला असता तर चाचणी तिथेच फसली असती.

दुकानातही हे अज्ञान महाग पडतं. सोनेरी हॅमस्टर, म्हणजे १९३० साली अलेप्पोजवळ अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने पकडलेल्या पिल्लांचा वंशज, एकटा राहणारा प्राणी. उंदीर घोळक्याने नांदतात म्हणून लोक ‘सोबत हवी’ असं म्हणत त्याचीही जोडी घरी नेतात, आणि मोठे झाल्यावर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. तेव्हा दुकानदारांनो, पिंजऱ्यावर किमतीच्या आधी जात लिहा. आणि घेणाऱ्यांनो, एका पिंजऱ्यात एकच ठेवा.