मोजायचे ते नेमके काय?

मंडळी, आमचा थोरला सिॲटलला असतो. तिथे त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. नोंदणीच्या कागदावर तिची लांबी ३० फूट आणि मरीनाच्या, म्हणजे होड्या बांधायच्या धक्क्याच्या, बिलात ३६! जन्मभर मुलांना पट्टी धरायला शिकवलेल्या माणसाची झोप उडेल नाहीतर काय?

फोनवर उलगडा झाला. सरकारी नोंदणीत होडीचे फक्त अंग मोजतात. पुढे आलेला दांडा, सुकाणू, मागे टांगलेले इंजिन धरत नाहीत. मरीनावाले टोकापासून टोकापर्यंत सगळे धरतात. झाले ३३. हे मला पटते. दांडा लोकांच्या वाटेत येतोच ना? बाकाबाहेर पाय पसरणाऱ्यांना मी हेच ऐकवत असे.

पण वरचे ३ फूट? तर म्हणे जागा ३६ फुटांची आहे. बरे, जागेचे भाडे म्हणावे, तर हीच होडी ३२ च्या जागेत बांधली की ३३ चे पैसे! 'दोन्हींत जास्त असेल ते.' तिकडे हा नियम सर्रास चालतो. याला मोजमाप म्हणत नाहीत, काटा मारणे म्हणतात. जागा भाड्याने देता की होडी मापता, एक काय ते ठरवा!

चिरंजीव म्हणतात, "अहो बाबा, करारातच लिहिलंय." आणि जागेसाठी ताटकळणाऱ्यांची यादी मोठी, म्हणून मुकाट्याने दरमहा ३६ चे भरतात.