पाणी किती फुटांवर?

आषाढ-श्रावणात परगावच्या आप्तांचा सांगलीला फोन आला, की कुशल विचारण्याआधी एक प्रश्न येतो : "पाणी किती फुटांवर?" कोणते पाणी आणि कुठले फूट, हे सांगावे लागत नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 साली वाहतुकीसाठी खुला झाला. परंतु पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष त्याच्यावरच्या रहदारीपेक्षा त्याच्याखालच्या पाण्याकडे असते. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे दोन आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ असतात. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेले, 2019 साली 57 फुटांच्या वर आणि 2021 साली पुन्हा 54 फुटांच्या वर.

नदीकाठी नित्य काही ना काही अद्भुत घडत असते आणि वर्तमानपत्रांना त्यातून खुसखुशीत मजकूर मिळतो. आपण तो चहाबरोबर वाचतो, इतरांना सांगतो आणि विसरतो. माझे मत थोडे निराळे आहे. नदीकाठची विचित्र बातमी ही बहुधा करमणूक नसते. ती आपल्या नावे आलेली सूचना असते.

ऑगस्ट 2019 मधील एक छायाचित्र पुष्कळांना आठवत असेल. कृष्णा सांगलीहून पुढे कर्नाटकात जाते. तेथे रायबाग तालुक्यात पुराने वेढलेल्या एका घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती. लोकांना हसू आले. वस्तुतः त्या मुक्या जिवाने तेच केले होते, जे त्या दिवसांत हजारो माणसांनी केले : पाणी वाढले तशी उंच जागा गाठली. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगली, हरिपूर या पट्ट्यात मगरींचे वास्तव्य जुने आहे. काठच्या वाळूमातीत खड्डा करून मादी अंडी घालते. वाळूचा उपसा झाला, काठची पोयट्याची माती विटांसाठी गेली, शेत आणि घर पाण्याच्या कडेपर्यंत सरकले. मग 'मगर वस्तीत आली' अशी बातमी येते. वस्ती मगरीकडे गेली, हे मात्र कोणी छापत नाही. मगरीच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत, ते दुःख खरेच आहे. म्हणूनच तिची जागा तिला आणि घाटाची जागा माणसाला, ही वाटणी सांभाळणे दोघांच्याही हिताचे आहे. जीवदयेचा अर्थ केवळ पांजरपोळाच्या देणगीपुरता नाही.

दुसरी हकीकत आपल्या व्यापाराच्या अधिक जवळची आहे. सांगलीला लागूनच कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर वसले आहे. हळदीची पेवे ही त्या गावाची ख्याती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार : तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत मात्र ऐसपैस. हळद भरून तोंड लिंपून टाकले की आत हवा राहत नाही, त्यामुळे कीडही जगत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागे. बंद पेवाचाच सौदा होई; मालक बदलत, हळद जागची हलत नसे. एखाद्या गोष्टीला 'पेव फुटले' असे आपण सहज म्हणतो, तो शब्द असल्याच कोठारांतून आलेला आहे.

2005 च्या महापुरात ही पेवे पाण्याखाली गेली आणि कोट्यवधी रुपयांची हळद मातीमोल झाली. त्यानंतर पेवांचा वापर ओसरला. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेवांचे दिवस सरत आले होते. या घटनेतून व्यापाऱ्याने घेण्याचा बोध असा, की 'आजवर कधी झाले नाही' हे वाक्य ताळेबंदात जमेच्या बाजूस लिहिता येत नाही. पेवाची रचना सदोष नव्हती. नदीचे माप बदलले होते.

तिसरी बातमी मन विषण्ण करणारी. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रवाह मंदावतो आणि त्यात सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी मिसळले, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू शोषून घेते. मासे विषाने मरतातच असे नाही. पुष्कळदा ते गुदमरतात. आपल्या दर्शनात मासा पंचेंद्रिय आहे आणि पाणी स्वतः अप्काय, म्हणजे जीवच. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या 15 कर्मादानांत सरोवरे व तलाव शोषण्याच्या धंद्याचाही समावेश आहे. तलाव आटवणे जर वर्ज्य, तर वाहते पात्र नासवणे कोणत्या खात्यात बसेल? आपल्यापैकी अनेकांचे रंगाचे, तेलाचे, दुधाचे, प्रक्रियेचे उद्योग आहेत. घरी पाणी गाळून पिणाऱ्या कुटुंबाने कारखान्यातून बाहेर जाणारे पाणीही एकदा स्वतः जाऊन पाहावे. ही अपेक्षा अवाजवी नाही.

मगर, हळद आणि मासे या तिन्ही बातम्या वरवर वेगळ्या दिसतात. तिन्हींत तक्रार एकच आहे : नदीच्या हिशेबाकडे आपले दुर्लक्ष. बँकेत कर्जखाते अडचणीत येण्याआधी ते बारीकसारीक खुणा देत असते. ज्याला त्या वाचता येतात तो सावरतो. नदीचेही तसेच आहे.

म्हणून व्यवहाराचे चार शब्द. साधूसाध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. आपण मालाचा चातुर्मास वेगळ्या रीतीने पाळावा. आषाढ लागण्यापूर्वी तळमजल्यावरचा माल, वह्या, संगणक वरच्या मजल्यावर अथवा उंच भागातील गोदामात न्यावेत. मागील पुराची खूण दुकानाच्या भिंतीवर रंगाने कायम ठेवावी, पुसू नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आणि आपल्या दारातले पाणी यांच्यामध्ये काही तास मिळतात. त्या तासांत कोणी काय उचलावयाचे, हे घरात आधीच ठरलेले असावे. प्रत्येक गावाचे आपले माप आहे. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात, नाशिककर गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. आपल्या गावाचे माप घरातल्या सुनांमुलांनाही ठाऊक असावे.

विम्याविषयी अधिक स्पष्टपणे सांगतो. पॉलिसीत पुराचे संरक्षण समाविष्ट आहे काय, हे वाचून खात्री करावी. हप्ता कमी करण्यासाठी ते वगळलेले असू शकते. माल ज्या पत्त्यावर आहे तोच पत्ता पॉलिसीत असावा. सुरक्षिततेसाठी माल दुसऱ्या गोदामात हलवला, तर विमा कंपनीला आणि कर्ज असल्यास बँकेलाही लेखी कळवावे. आणि विमा मालाच्या पूर्ण किमतीचा असावा. माल 1 कोटीचा, विमा 60 लाखांचा आणि नुकसान 20 लाखांचे झाले, तर सरासरीच्या नियमाने 20 नव्हे, 12 लाखच हाती येतात. उरलेले 8 लाख व्यापाऱ्याच्या पदरचे. काही पॉलिसींत या नियमास थोडी सवलत असते. तीही आपल्या कागदावर पाहून घ्यावी. हप्त्यात वाचवलेले काही हजार रुपये फार महाग पडतात.

लवकरच पर्युषण येईल. प्रतिक्रमणात आपण 84 लाख जीवयोनींची क्षमा मागतो. त्यांत 7 लाख अप्कायाच्या आहेत. त्या शब्दांशी आपण पोहोचू, तेव्हा आपल्या गावची नदी डोळ्यांसमोर असावी. तिची क्षमा मागावी आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिले काम म्हणून पॉलिसीचा कागद बाहेर काढावा. दोन्ही गोष्टी जागरूकतेच्याच आहेत.